दादाची खरी गोष्ट पुरत नाही का?

ग्वाल्हेरहून बावन्न वर्षांच्या एका भगिनीने लिहिलं आहे. त्यांचा मोठा भाऊ हवाई दलात मिग-२१चा वैमानिक होता. सरावाच्या उड्डाणात अपघात झाला आणि एकोणतिसाव्या वर्षी तो गेला. येत्या माघात त्याला पंचवीस वर्षं होतील. चौकाला त्याचं नाव द्यायचं आणि त्या दिवशी मोठा कार्यक्रम करायचा असं गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाने ठरवलंय. पुढाकार त्यांच्या चुलतभावाच्या मुलाचा. त्याने फ्लेक्सचा मजकूरही तयार केला : "गावावर कोसळणारं विमान वळवून शेकडो ग्रामस्थांचे प्राण वाचवणारे अमर शहीद." असं काही घडल्याचं हवाई दलाने या घराला कधीच सांगितलेलं नाही. विमान शेतात पडलं, एवढंच कळलं होतं. आता एक्क्याऐंशी वर्षांच्या आई आल्यागेल्याला हीच गोष्ट सांगतात, आणि सांगताना त्यांचा चेहरा उजळतो. बाई विचारतात : "दादा इतका अबोल, त्याला हे मुळीच आवडलं नसतं. कार्यक्रमच नको म्हणू? आईला खरं सांगू? की गप्प बसू? दिल्लीच्या युद्ध स्मारकावर त्याचं नाव नाही, याचं आईला फार लागलंय. सरावात गेला म्हणजे काय, असं लोक बोलून दाखवत नाहीत, पण त्यांच्या मनात असतं."

प्रिय ताई,

पत्र दोनदा वाचलं. सोबत पाठवलेला दादाच्या लॉगबुकच्या, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीच्या, पानाचा फोटो मात्र किती वेळा पाहिला ते मोजलं नाही. त्या पानाबद्दल पुढे बोलू.

माझं माहेर लष्करचं. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला, त्या तळाचंच शहर झालं आणि नावही तेच राहिलं. महाराजपूरचा हवाई तळ आमच्या घरापासून लांब, पण १९८५ साली मिराज ही लढाऊ विमानं आली तेव्हापासून त्यांचा आवाज आमच्या फडताळातल्या कपबश्यांनाही ओळखीचा झाला. आवाज आला की आई अजून हातातलं काम थांबवते, असं तुम्ही लिहिलंय. मला ते पटकन डोळ्यांपुढे आलं. दुसऱ्या कुठल्या शहरात राहिला असतात तर हे दुःख जरा लांब ठेवता आलं असतं. तुमच्या घरी ते रोज डोक्यावरून जातं.

"त्याला आवडलं नसतं" या वाक्यापासून सुरुवात करते, कारण पत्रात ते तीनदा आलंय. तुमचा दादा अबोल होता, मान्य. पण ताई, गेली पंचवीस वर्षं जी शांतता तुमच्या घरात आहे, ती त्याची की तुमची? ट्रंक उघडायची नाही, वर्षश्राद्धाला ब्राह्मण जेवले की विषय संपला, आईसमोर त्याचं नाव काढायचं नाही. हे नियम त्याने घातलेले नाहीत. ते तुम्ही एकमेकांना जपण्यासाठी घातले, आणि त्या वेळी तेच योग्य असेल. सत्तावीस वर्षांच्या मुलीने दुसरं काय करायचं होतं? पण त्याचा स्वभाव आणि तुमचं जपणं इतकी वर्षं एकमेकांत मिसळून गेलंय. ते आता थोडं वेगळं करून बघा. माणूस कमी बोलणारा होता म्हणून त्याच्याबद्दल इतरांनीही बोलू नये, असं नसतं. उलट तो स्वतः बोलला नाही, म्हणून कोणीतरी बोलायला हवं.

चुलतभावाच्या त्या पोरावर तुम्ही रागावला आहात. राग मला कळतो, पण जरा त्याच्या बाजूने बघा. तो जन्मला तेव्हा काका जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याच्या वाट्याला काय आलं? भिंतीवरचा एक फोटो, चंदनाचा हार आणि घरभर गप्प बसलेली मोठी माणसं. काका कसा होता, कसा हसायचा, काय खायचा, कोणाला चिडवायचा, यातलं काही त्याला मिळालं नाही. पोराने रिकामी जागा मिळेल त्याने भरली. विमान वळवून गाव वाचवल्याच्या गोष्टी त्याने वाचल्या असतील, त्यांतली एक त्याने काकाला दिली. त्यात खोटेपणा कमी आणि माया जास्त आहे, असं मला वाटतं.

तरीही तो मजकूर फलकावर जाऊ नये, असंच माझं मत आहे.

गाव वाचवलं नसेलच, असंही मी म्हणत नाही. कदाचित वाचवलं असेल. खाली वस्ती असताना शेवटपर्यंत विमान सांभाळणारे वैमानिक झाले आहेत. पण त्या काही सेकंदांत कॉकपिटमध्ये काय झालं, हे सांगायला तिथे दुसरं कोणी नव्हतं. चौकशीचा अहवाल तुमच्या हाती नाही. शौर्यपदकाच्या प्रशस्तीत जे लिहिलं जातं ते साक्षी-पुरावे पाहून लिहिलं जातं. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीरचक्र निर्मलजितसिंग सेखोंचं. १४ डिसेंबर १९७१ला श्रीनगरवर सहा पाकिस्तानी सेबर विमानं चालून आली, तेव्हा ते नॅट या छोट्या विमानातून एकटे भिडले. ते पाहणारे होते, सांगणारे होते. तुमच्या दादाच्या शेवटच्या क्षणाला तसा कोणी साक्षीदार नाही. ज्या क्षणाबद्दल आपल्याला काही ठाऊक नाही, त्यावर एका माणसाची सगळी आठवण उभी केली तर पुढे कोणी एक प्रश्न विचारला की ती हलते. तो प्रश्न कार्यक्रमात, आईच्या देखत कोणी विचारला तर? मला याचीच भीती जास्त वाटते.

आता त्या न बोललेल्या वाक्याकडे येते. "सरावात गेला." लोकांचं सोडा. मला वाटतं हे वाक्य थोडंसं तुमच्याही मनात आहे, आणि गाव वाचवल्याच्या गोष्टीची गरज तिथूनच येते.

तुम्ही ग्वाल्हेरच्या आहात. या शहरात शंकर पंडितांची, राजाभैया पूछवाल्यांची गायकी घडली. गाणं म्हणजे काय असं इथल्या जाणत्या माणसाला विचारा. मैफलीचं नाव तो शेवटी घेईल, आधी पहाटेच्या रियाजाचं सांगेल. लढाऊ वैमानिकाचं आयुष्यही तसंच जातं. युद्धाचे दिवस पूर्ण नोकरीत बोटांवर मोजण्याइतके, काहींच्या वाट्याला तेवढेही नाहीत. बाकी रोज सराव. १९९९मध्ये मिराजनी टायगर हिलवर अचूक बॉम्ब टाकले ते आपल्याला ठाऊक आहे, पण ती अचूकता त्याच्या आधीच्या कित्येक वर्षांच्या साध्या, कोणी न पाहिलेल्या उड्डाणांतून आली होती. आणि सराव म्हणजे खोटं विमान, खोटा वेग असं नसतं. मिग-२१ उतरताना ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे असतं. चूक व्हायला जागा तेवढीच, विमानातून बाहेर उडी घ्यायला सेकंद तेवढेच. तुमच्या दादाच्या लॉगबुकात ९४० तास भरलेत आणि बहुतेक नोंदी चाळीस-पन्नास मिनिटांच्या आहेत. म्हणजे हजाराहून जास्त वेळा तो वर गेला आणि खाली आला. त्यातल्या एका वेळेला तो आला नाही. त्या हजार वेळांचं काहीच का सांगायचं नाही?

दिल्लीच्या स्मारकाचं आईला समजावून सांगा. इंडिया गेटजवळचं ते स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ला खुलं झालं. त्याच्या त्यागचक्रात ग्रॅनाइटवर पंचवीस हजारांहून जास्त नावं कोरली आहेत, ती युद्धांत आणि लष्करी कारवायांत कामी आलेल्यांची. तो त्या भिंतीचा नियम आहे. दादाची नोकरी कोणी कमी तोलली, असा त्याचा अर्थ होत नाही. आणि "शहीद" शब्दावरून घरात वाद चालला असेल तर एवढं लक्षात असू द्या की आपल्या सैन्यदलांत हा शब्द अधिकृत नाही, संरक्षण मंत्रालयाने संसदेतही तसं सांगितलंय. त्यामुळे तो लावायला कोणाचं प्रमाणपत्र लागत नाही आणि नाही लावला म्हणून माणूस लहान होत नाही. आईला तो हवा असेल तर तोंडी खुशाल म्हणू द्या. दगडावर मात्र साधं लिहा. हुद्दा, नाव, जन्म आणि मृत्यूची साल, "भारतीय हवाई दलातील लढाऊ वैमानिक. कर्तव्यावर असताना उड्डाणात निधन. या गल्लीत वाढले." शेवटचं वाक्य मराठीत आणि हिंदीत, दोन्हींत ठेवा. चौकातून जाणाऱ्या शाळेच्या पोराला हे शेवटचं वाक्यच थांबवेल.

आईचा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे, म्हणून त्यावर जरा थांबते.

आईला "खरं सांगू का" असं तुम्ही विचारता. पण आईला खरं ठाऊक नाही असं कशावरून? तार घेऊन माणूस आला तेव्हा दार त्यांनीच उघडलं होतं, असं तुम्हीच लिहिलंय. गाव वाचल्याची गोष्ट सांगताना त्या कदाचित एकच विचारत असतील की माझं पोर वाया तर नाही ना गेलं? या प्रश्नाला "आई, असं काही झालं नव्हतं" हे उत्तर होऊच शकत नाही. त्यामुळे त्यांची उलटतपासणी नको, कोणासमोर दुरुस्ती तर मुळीच नको. एक्क्याऐंशीव्या वर्षी घरातल्या घरात त्या काय सांगतात, ते सांगू द्या. घरात आईने म्हणणं वेगळं आणि नगर निगमच्या फलकावर कोरणं वेगळं. दुसरं थांबवायला पहिलं थांबवावं लागत नाही.

त्याऐवजी त्यांना दुसऱ्या गोष्टी सांगायला लावा. पितृपक्षात आपण पानात गेलेल्या माणसाच्या आवडीचं वाढतो. त्याला काय आवडायचं हे कोणाला पाठ करावं लागत नाही, हात आपोआप वळतो. तिथून सुरू करा. दर थंडीत सुट्टी संपवून जाताना तो गजकाचे, त्या तीळगुळाच्या मिठाईचे, डबे न्यायचा आणि पुढच्या खेपेला रिकामे डबे धुऊन, पुसून परत आणायचा, हे तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलात. मला पुढे जाता आलं नाही. स्क्वाड्रनमधून धुतलेले डबे परत आणणारा फायटर पायलट! आईला त्या डब्यांबद्दल विचारा. फोनवर रेकॉर्ड करा. एका बैठकीत वीस मिनिटांवर नको, त्या थकतात. आणि प्रश्न तुम्ही न विचारता त्या पोराला विचारू द्या. आजी नातवाला जे सांगते ते मुलीला सांगत नाही.

आणि लूनाची गोष्ट. ती तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलीय, म्हणून इथे वाचकांसाठी पुन्हा सांगते. दादा सुट्टीवर असला की तुम्हाला कॉलेजला जायची घाई आणि हा लूनाभोवती एक फेरी घालायचा. पुढचं चाक दाबून बघायचं, मागचं दाबून बघायचं, ब्रेक, दिवा, पेट्रोलचं झाकण. मग म्हणायचा, "जा." एवढंच. तुम्हाला वाटायचं, किती हा चिकट. ताई, उड्डाणाआधी प्रत्येक वैमानिक आपल्या विमानाभोवती अशीच फेरी घालतो. टायर, पंखांच्या कडा, झाकणं, गळती, सगळं हाताने आणि डोळ्यांनी तपासतो आणि मगच शिडी चढतो. कामावर जे रोज करायचा, तेच तो तुमच्या लूनाला करत होता. "स्वतःची काळजी घे" किंवा "मला तुझी काळजी वाटते" असं तो कधी बोलला नाही, असं तुम्ही म्हणता. मग ती फेरी काय होती?

कार्यक्रमात तुम्ही पाच मिनिटं बोलायचं ठरवलंत तर ही गोष्ट सांगा. विमान वळवल्याच्या गोष्टीची कोणाला आठवणही होणार नाही.

एक शेवटची खंत तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलीय. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ला निरोप दिला, तेव्हा घरोघरी फोनवर "उडती शवपेटी" हे शब्द फिरले आणि आईनेही वाचले. मला विचाराल तर, राग यावा असेच ते शब्द आहेत, कारण त्यात बसणाऱ्या माणसाला ते आधीच मेलेला ठरवतात. हे विमान १९६३ला आलं आणि बासष्ट वर्षं राहिलं. आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात ते बांधलं गेलं. १४ डिसेंबर १९७१ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला झाला, त्यातही मिग-२१ होती. त्याचबरोबर हेही खरं की त्याने फार पोरं नेली. हॉक हे प्रगत प्रशिक्षणाचं जेट २००८च्या सुमारास हवाई दलात दाखल झालं. त्याआधी कित्येक तुकड्यांतली मुलं किरणसारख्या कमी वेगाच्या विमानावरून या तापट विमानावर गेली. या दोन्ही गोष्टी आईसमोर बोलता येतील. पुण्याच्या कविता गाडगीळांचा मुलगा फ्लाइट लेफ्टनंट अभिजित २००१च्या सप्टेंबरात मिग-२१च्या अपघातात गेला. त्या माउलीने गप्प न बसता विमानांच्या सुरक्षेसाठी वर्षानुवर्षं प्रश्न विचारले. आठवण ठेवायची तीही एक रीत आहे. तुम्ही तसंच करावं असं नाही. पण प्रश्न विचारला म्हणजे दादाच्या गणवेशाचा अपमान होतो, असं जे तुम्हाला वाटतं, ते मनातून काढून टाका.

कार्यक्रम होऊ द्या. पुतळा मात्र नको, तुमचं मत तेच आहे आणि माझंही. पुतळ्याला वर्षातून एकदा हार पडतो आणि बाकी दिवस कबुतरं बसतात. मंडळाने जमवलेल्या पैशांतून त्याच्या शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेला काही देता आलं तर बघा. नववीत असल्यापासून तो मुलांना काकांच्या जुन्या पंख्याची पाती काढून हवेचा दाब शिकवायचा, हे तुमच्याच पत्रात आहे. फ्लेक्सचा मजकूर बदलायला त्या पोराला सांगू नका. त्याच्या हातात लॉगबुक द्या, ट्रंकेची किल्ली द्या आणि एक रविवार त्याला एकट्याला सोडा. मजकूर तो स्वतः बदलेल.

ज्यांच्या घरी असंच काही आहे, अशा इतर वाचकांसाठीही दोन शब्द लिहिते. माणूस सैन्यातलाच हवा असं नाही, तारेवर काम करताना गेलेला लाइनमन असेल, रेल्वेचा गँगमन असेल. कागद एकत्र करा. पत्रं, पगाराच्या पावत्या, फोटो, आणि फोटोंमागे नावं लिहा, पेन्सिलने. ती ओळखणारी माणसं दरवर्षी कमी होत जातात. सैन्यातला माणूस असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, हवाई दलाचा असेल तर दिल्लीत माजी हवाई सैनिकांसाठीचं संचालनालय आहे, त्यांना रीतसर पत्र लिहा. दुर्घटनेबद्दल फार काही हाती लागेल अशी आशा धरू नका. पण बरोबरच्या अधिकाऱ्यांपर्यंत निरोप पोचवायची विनंती करता येते. एका कोर्सचे, म्हणजे एकत्र प्रशिक्षण घेतलेले, लोक एकमेकांना आयुष्यभर सोडत नाहीत. त्यांच्यातला एक सापडला की सगळे सापडतात.

आता त्या पानाचं. दादाचं अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. तारीख, विमान, वैमानिकाच्या रकान्यात प्रत्येक ओळीला "सेल्फ", मग काम, मग वेळ. पूर्ण पान एका हाताचं आहे. शेवटची ओळ सोडून. नोंद उतरल्यावर करतात ताई, त्यामुळे ती ओळ तो लिहू शकला नाही. ते अक्षर मोठं आहे, सरळ आहे, आणि तारखेतला एक आकडा लिहून पुन्हा गिरवलाय. कोणीतरी त्या दिवशी क्रू रूममध्ये बसून, तुमच्या दादाचं पुस्तक पुढ्यात ओढून, ती नोंद पुरी केली. मग ते पुस्तक ट्रंकेत ठेवून तुमच्या घरी पाठवलं.

तो माणूस आज पन्नाशी-साठीत असेल. दादा कॉकपिटकडे चालत गेला ते कदाचित त्याने पाहिलंय. त्या सकाळी नाश्त्याला काय होतं, कोण काय बोललं, गजकाचा शेवटचा डबा कोणी संपवला, हे त्याला माहीत असेल. तुमच्या घरी यावं की नाही, आईला तोंड कसं दाखवावं, हे त्यालाही इतकी वर्षं सुचलं नसेल. माघाला अजून वेळ आहे. फलकाचं, हारांचं, पाहुण्यांचं मंडळ बघेल. तुम्ही त्या अक्षराच्या माणसाला शोधा, आणि सापडला की आईच्या हाताने बोलावणं लिहून घ्या.